चारचौघांतली श्रद्धा

आमच्या वसईच्या पट्ट्यात एकट्यादुकट्याने ख्रिस्ती राहता येत नाही, अशी माझी पक्की समजूत आहे. आणि ती धर्मग्रंथांच्या परिशीलनाने नव्हे, तर सण, लग्ने आणि यात्रा यांच्या गर्दीत वाढल्यामुळे झालेली आहे. माझ्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून जे म्हणत, त्यातले आम्हां बागाईतदारांच्या पोरांना अवाक्षर कळत नसे, आणि आजीसारख्या बायका तेवढ्या अवधीत आपली जपमाळ मराठीत पुरी करून टाकीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली आणि तिचा अर्थ उमगला हे खरे. परंतु श्रद्धा त्याआधीच अंगवळणी पडून चुकली होती.

झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली झावळीची पाती आजी येशूच्या तसबिरीमागे खोवून ठेवी. पुढल्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी घरोघरची ती वाळून पिवळी पडलेली पाती चर्चमध्ये जमा होत, जाळली जात, आणि तीच राख सावकाराच्या आणि त्याच्या कुळाच्या कपाळी सारख्याच बोटाने लागे.

लग्नाची गोष्ट तर याहून उघड. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात थाटाची लग्ने लागत नसल्यामुळे ईस्टर उलटताच मांडवांची एकच घाई उडे. त्याआधी लागोपाठ तीन रविवारी वधूवरांची नावे मिस्सेत वाचली जात आणि कोणास काही हरकत ठाऊक असल्यास ती कळविण्यास फर्माविले जाई. चोरून लागणाऱ्या लग्नांना आळा घालण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली हा दंडक घातला, हे मला फार पुढे कळले. माझे स्वतःचे नाव वाचले जात असताना मात्र, आपला खाजगी आनंद सरकारी जाहीरनाम्याप्रमाणे चव्हाट्यावर आल्याचा संकोच तेवढा वाटला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून बायका लाल लुगड्यांत लग्नविधीसाठीचे ‘उंबराचे पाणी’ आणावयास विहिरीवर निघाल्या, गाण्यांतून दोन्ही घरच्या व्याह्यांची यथेच्छ टिंगल झाली, आणि तो संकोच पार धुऊन निघाला. दुसऱ्या दिवशी चर्चच्या नोंदवहीत दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. कायद्याला दोघे पुरले. गावाला पुरले नसते.

आणि बांद्र्याची यात्रा! ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर डोंगरावरच्या तिच्या चर्चपाशी जत्रा भरते. कोळी या मातेला मोतमावली म्हणतात, आणि तिच्या पायऱ्यांशी जात-धर्माची चौकशी कोणी करीत नाही. पायथ्याच्या दुकानांतून मेणाचे हात, पाय, बाळे, घरेसुद्धा मांडलेली असतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, ते त्याने विकत घेऊन मातेस वाहावे. चाचेगिरी करणाऱ्यांनी चर्चमधल्या तिच्या मूर्तीचा उजवा हात तोडला होता असे सांगतात, आणि त्याच मूर्तीपुढे मेणाच्या हातांची रास पडते, यात मला नेहमीच काही विलक्षण औचित्य भासत आले आहे. एका वर्षी आमच्या शेजारच्या वाडीतले एक हिंदू गृहस्थ आमच्याबरोबर आले होते. त्यांनी मुलाच्या अधू पायासाठी मेणाचा पाय घेतला आणि गर्दीतल्या चेंगराचेंगरीने तो मोडू नये म्हणून आधीच आणलेल्या उपरण्यात गुंडाळून, पायथ्यापासून वरपर्यंत छातीशी धरून नेला.

आमच्यातले काही शिकलेले तरुण या मेणाच्या अवयवांना भाबडेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपले दुखणे उघड्यावर हातात धरून हजारो अनोळखी माणसांतून चालत जाण्याचे धैर्य कोणत्याही प्रवचनाने येत नाही.

नव्या यात्रेकरूंस जाणती मंडळी सल्ला देतात, की गर्दी टाळावयाची असल्यास आठवड्याच्या मधल्या वारी जावे. सल्ला व्यवहाराचा आहे, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो अवश्य मानावा. ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांनी मात्र एकदा तरी रविवारीच जावे.