कोपऱ्यावर तोललेला घन

ब्रसेल्सच्या हायझेल पठारावर एक घन कोपऱ्यावर उभा आहे. 1958च्या जागतिक प्रदर्शनासाठी आंद्रे वाटरकेन या अभियंत्याला तो सुचला. आंद्रे आणि ज्याँ पोलाक हे त्याचे वास्तुविशारद. नाव अटोमियम. आठ कोपऱ्यांवर आठ गोल आणि पोटात नववा. लोखंडात अणू असेच बसलेले असतात. इथे तो नमुना 165 अब्ज पटींनी वाढवला आहे. आपल्या घरातला लोखंडी तवाही आतून अशाच घनांचा.

हाच घन जमिनीवर सपाट बसवला असता, तर भलेमोठे खोके झाले असते. कोपऱ्यावर तोलला आणि त्याचे रूप पालटले. तळाशी एक गोल, त्यावर तीन, मग मधला एकटा, पुन्हा तीन, शिखरावर एक. वरचे तीन खालच्या तिघांच्या बरोबर मधल्या दिशांना येतात. म्हणून थेट आकाशातून पाहिले तर चौकोन कुठेच दिसत नाही, दिसतो तो षटकोन! कागदावर हे कुणालाही काढता येते. 102 मीटर उंच करून ते उघड्या आभाळाखाली ठेवणे मला फार मोठे वाटते.

अणूंना वर-खाली ठाऊक नसते, पोलादाला ते विसरता येत नाही. खालच्या तीन गोलांना जमिनीवरून टेकू द्यावे लागले. वरच्या तिघांना तसा आधार नाही, म्हणून तिथे लोकांना नेत नाहीत.

आणखी एक तडजोड आहे, आणि ती मला मनापासून पटते. गोलांचा व्यास 18 मीटर आहे. प्रमाण काटेकोर पाळले असते तर तो चाळीस मीटरांच्या पुढे गेला असता, मधला गोल आठही गोलांना टेकला असता आणि घन दिसलाच नसता. गोल लहान केले, म्हणून नळ्या आल्या. लोखंडात अशा नळ्या नसतात. त्या आपण आकृतीत ओढतो त्या रेषा. इथे त्या रेषांच्या आतून माणसे ये-जा करतात, मुख्य कर्णातून तर लिफ्ट धावते.

भट्टीत 912 अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंड ही रचनाच सोडते. मधली जागा रिकामी होते, सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू येतात. नवी मांडणी इतकी दाट, की त्या क्षणी तापणारे लोखंड किंचित आक्रसते. अटोमियमच्या शेजारी या तापल्या लोखंडाचाही घन उभा राहायला हवा. त्याला चौदा गोल लागतील, आणि कोपऱ्यावर तोलला तर तळापासून ते असे चढतील: एक, सहा, सहा, एक.