बास हवा, आवाज नको

मराठीत 'बास' म्हणजे पुरे. मेसमध्ये मावशी चौथी पोळी घेऊन आल्या की आपण ताटावर हात आडवा धरून म्हणतो, "बास!" पण हाच शब्द हेडफोनच्या दुकानात उच्चारला की अर्थ बरोबर उलटा होतो. "बासवाला दाखवा" म्हणजे कधीच न पुरणारा, अजून अजून हवासा वाटणारा तो तळाचा आवाज. शुद्धलेखनवाल्यांनी त्याला खुशाल 'बेस' म्हणावं. आमच्या हॉस्टेलवर बासच म्हणतात, मीही बासच म्हणणार.

तर मंडळी, विषय असा की दीड हजार रुपयांच्या आत, सॅकच्या कप्प्यात मावणारा, फोनवर चालणारा आणि तरीही पोटभर बास देणारा हेडफोन निवडायचा. दीड हजारच का, तर स्कॉलरशिपमधून मेसचं बिल आणि झेरॉक्सवाल्याची उधारी वजा जाता तेवढेच उरले होते. आणि बासच का, तर मी जे ऐकतो ते सगळं त्या तळमजल्यावरच राहतं. टेक्नो, ड्रम अँड बेस, आणि सर्वांत लाडकं डबस्टेप. माझ्या रूममेटचं मत असं की ही गाणी नसून शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायचं काम चालू आहे. तो रात्री भावगीतं ऐकून उशीत तोंड खुपसतो, त्यामुळे त्याचं मत मी मनावर घेत नाही.

पण त्याचीही बाजू आहे. त्याने डबस्टेप ऐकलंय ते फोनच्या स्पीकरवर. हे संगीत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात वाढलं. मिनिटाला साधारण 140 ठोके, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास सरपटणारा लांबलचक बास. स्क्रीमचं 2005 सालचं 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' फोनच्या स्पीकरवर लावून बघा. टिकटिक आणि वरची धून उरते, खालचं सगळं गायब. आता तुम्ही म्हणाल, तबल्याचा डग्गा तर छोट्या स्पीकरवरही कळतो! कळतो, कारण मूळ स्वर आला नाही तरी त्याचे वरचे हार्मोनिक ऐकून मेंदू तळाचा स्वर मनानेच भरून काढतो. पण रोलँड कंपनीच्या टीआर-808 या 1980 सालच्या ड्रम मशीनचा किक घ्या. 50 हर्ट्झच्या आसपासची जवळजवळ शुद्ध साइन वेव्ह, हळूहळू विरत जाणारी. वर हार्मोनिकच फारसे नाहीत, मग मेंदू भरून काढणार कशाच्या जोरावर? स्पीकरला 50 हर्ट्झ जमलं नाही, तर ते गाण्यात नाहीच.

(जाता जाता: हे 808 म्हणजे फक्त परदेशी पोरांचं खूळ नव्हे. मुंबईच्या हिंदी सिनेसृष्टीत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 साली हेच मशीन, सोबत रोलँडचंच टीबी-303 आणि ज्युपिटर-8 घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली होती. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले, कारण शिकागोचं ज्याला ॲसिड हाऊस म्हणतात ते 1987 चं!)

आता एवढ्यावर कुणीही म्हणेल, सरळ सर्वांत जास्त धडधडणारा हेडफोन घे आणि विषय संपव. तो का संपवला नाही, त्यासाठी इचलकरंजीला जावं लागेल.

आमचे अण्णा मागावर होते. सव्वीस वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळीची. यंत्रमागाची शेड ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगतो, साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि असे पंचवीस-तीस माग पत्र्याच्या एका छपराखाली. आवाज 90 डेसिबलच्या वर, शंभराच्या आसपास. कानात काय, तर सुताचे बोळे, ज्यांनी आवाज जवळजवळ काहीच अडत नाही. आज अण्णांशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलावं लागतं. फोनवर 'सात' आणि 'हात' त्यांना सारखेच ऐकू येतात. माझ्या धाकट्या बहिणीचं बोलणं तर ते निम्मं तिच्या तोंडाकडे बघून समजून घेतात. "आरं, मला ऐकू येतंय, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी त्यांच्या कानांची तपासणी केली. डॉक्टरांनी दिलेला ऑडिओग्राम हातात घेतला आणि मी चक्रावलोच. हा तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख! 250, 500 हर्ट्झला रेषा बऱ्यापैकी सरळ, 2000 नंतर घसरण, 4000 ला खोल खड्डा. हेडफोनचे असे आलेख मी रात्र रात्र जागून बघत होतो, त्यातलाच एक माझ्या बापाच्या कानाचा निघाला. फरक इतकाच की हेडफोन नाही आवडला तर बदलता येतो. कानातल्या ज्या केसासारख्या पेशी आवाजाने मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

त्या दिवसापासून प्रश्न बदलला. बास हवा, पण आवाज वाढवून मिळणारा नको. अभ्यासक्रमात नसलेलं सगळं ज्या तन्मयतेने आपण वाचतो, त्या तन्मयतेने मी यावर वाचत सुटलो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांनी 2019 मध्ये ऐकण्याच्या उपकरणांसाठी जे मानक काढलं, त्यात मोठ्या माणसाला आठवड्याचं रेशन आहे 80 डेसिबलने 40 तास. दर 3 डेसिबलला ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, आणि 92 ला फक्त अडीच तास. अडीच तास म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री एक जर्नल पुरं करायचा वेळ! आठवड्याचा कोटा एका बैठकीत संपला.

आणि नेमकं बासवाल्यांनाच आवाज वाढवायचा मोह जास्त, त्याला कारण आहे. आपला कान खालच्या आवाजांना बधिर आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. 1000 हर्ट्झचा आवाज 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच 50 हर्ट्झचा वाटायला सत्तरच्या पुढे जावं लागतं. म्हणजे आवाज कमी केला की गाण्यातून आधी बास मरतो. मग माणूस वाढवतो. त्यात एसटी! मागच्या चाकावरची सीट मिळाली असेल तर इंजिनाची घरघर बरोबर त्याच खालच्या पट्ट्यात येऊन बसते आणि बासला झाकून टाकते. मग अजून वाढवतो. बासबरोबर टिकटिकीचा आवाजही वाढतो, आणि कान खातो तो तोच.

शिवाय आमच्याकडच्या पोरांना सवय डॉल्बीची. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो, कोल्हापूर-सांगलीकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. ज्या रे डॉल्बी यांनी 1965 साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी, त्यांच्या नावाने आम्ही खिडक्यांच्या काचा हलवतो! त्या भिंतीपुढे बास छातीत वाजतो. हेडफोन हवा हलवतो ती फक्त कानातली, छातीचं काम त्याचं नाही. त्याच्याकडून ते मागत आवाज वाढवत जायचं म्हणजे सायकलकडून ट्रॅक्टरचं काम काढायचं.

मग कमी आवाजात बास मिळणार कुठून? खोक्यावर बघावं तर प्रत्येक कंपनीने 'एक्स्ट्रा', 'मेगा', 'डीप' असं काहीतरी छापलेलं. '10 हर्ट्झ ते 25 किलोहर्ट्झ' हा आकडा तर सगळ्यांवर. किती डेसिबलच्या फरकात, ते कुणी लिहीत नाही, आणि त्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. 10 हर्ट्झला मुंगीएवढा आवाज आला तरी 'येतो' म्हणायला कंपनी मोकळी. 'मोठा ड्रायव्हर म्हणजे मोठा बास' हेही तसंच, दुकानदाराचं प्रमेय.

उत्तर मिळालं ते सेकंड इयरच्या नेटवर्क थिअरीत. खोलीभर हवा 40 हर्ट्झने हलवायला बारा-पंधरा इंची स्पीकर लागतो. पण कानाची नळी बाहेरून बंद केली तर आत उरते जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर हवा. तेवढी दाबायला दहा मिलिमीटरचा पडदा रग्गड झाला. अट एकच, नळी खरोखर बंद पाहिजे. कडेला जरा फट राहिली की दाब तिथून निसटतो. 4000 हर्ट्झला निसटायला वेळच मिळत नाही, 40 हर्ट्झला ऐसपैस मिळतो. कोंडलेली हवा म्हणजे कपॅसिटर, फट म्हणजे रेझिस्टर, झाला हायपास फिल्टर! फट मोठी तशी कटऑफ वर. आणि गंमत म्हणजे जी फट आतला बास बाहेर सोडते, तीच बाहेरची घरघर आत घेते. फट बुजवली की बास वाढतो आणि एसटी कमी होते, दोन्ही एकदम, व्हॉल्यूमला हात न लावता.

हे कागदावर झालं. प्रॅक्टिकल म्हणून मी ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 30, 40, 50, 60, 80 आणि 100 हर्ट्झच्या साइन वेव्ह बनवल्या आणि मजल्यावर फिरून सात हेडफोन उधार आणले. (कानात घालायचे ते स्पिरिटने पुसून घ्या. हॉस्टेल आहे, सांगता येत नाही.) नुसतं कानात अडकवायचे बिनरबरी इअरफोन 100 च्या खाली हळूहळू वारले. एकाकडे कॉसचा पोर्टाप्रो निघाला, 1984 पासून जवळपास तसाच बनत आलेला, फोमच्या उघड्या गाद्यांचा. बास गोड आणि गुबगुबीत, पण शेजारचा पोरगा घोरतोय तेही त्यातून स्पष्ट ऐकू येतं. तो खोलीत बसून ऐकायचा, एसटीतला नव्हे. कान पूर्ण झाकणारा एक तीन हजारांचा होता. त्याचा बास जबरदस्त, पण मी चष्मा लावला की दांडीखाली फट पडायची आणि 40 हर्ट्झ निम्मा व्हायचा. सातांत पहिला आला चारशे रुपयांचा इन-इअर! तोही आधी पोकळ वाटत होता. पाकिटातलं दुसऱ्या मापाचं रबर लावलं आणि 40 हर्ट्झ असा काही उठला की मीच दचकलो. हीच परीक्षा दुकानातही करता येते. इन-इअर कानात घालून गाणं लावा आणि बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास वाढला, तर रबराचं माप चुकतंय.

मग मी घेतला केझेड कंपनीचा वायरवाला इन-इअर, तेराशेला. वायर कानावरून वळवून घ्यायची, म्हणजे ती शर्टला घासल्याची खसखस आत येत नाही. तुटली तर फक्त वायर बदलता येते. ब्लूटूथवाले आता या पैशांत बाहेरचा आवाज मारणारी सोयसुद्धा देतात, आणि ती सोय इंजिनाच्या घरघरीवरच सर्वांत चांगली चालते, हे मान्य. पण एवढीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकली की चांगला पडदाही कचऱ्यात. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा अडॅप्टर घ्या, तो बजेटमध्ये धरा. रबरांचं म्हणाल तर माझ्या उजव्या कानाला मीडियम लागतं आणि डाव्याला स्मॉल. दोन्ही कान सारखे असतात हा एक गैरसमज. इक्वलायझरमध्ये 80 हर्ट्झच्या खाली 5 डेसिबल वाढवलेत आणि एकूण पातळी 5 ने उतरवलीय, नाहीतर बास फाटतो. आता फोनचा आवाज निम्म्याच्या खाली असतो आणि 808 जिथे असायला हवा तिथे असतो. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही काढतो. कान बंद म्हणजे हॉर्नलाही बंद.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना ऐकवला. आधी साइन वेव्ह. 50 हर्ट्झला एका कानात त्यांनी, दुसऱ्या कानात मी, दोघांनी एकदमच बोट वर केलं. 4000 ला मी बोट वर करून बसलो आणि ते माझ्याकडे बघत राहिले, "लाव की आता." मग डबस्टेप लावलं. टिकटिक त्यांना आली नसावी, पण बास सुरू झाला तशी मान डोलली.

"ह्यो माग बरा चाललाय. कुणाच्या शेडातला?"

मी किंमत सांगितली. त्यांनी इन-इअर काढला, चष्मा वर सरकवून त्याचं ते इवलंसं रबर बोटात धरून बराच वेळ बघितलं. "गाणं काय कळलं न्हाई. पण रबर झकास हाय. रातपाळीला असलं पायजे हुतं." आणि पुन्हा कानात घालून म्हणाले, दुसरं लाव.