कीबोर्डचा खर्च कोणत्या वाट्यातून?

आम्ही राहतो त्या ब्रिटनमध्ये साधा कीबोर्ड 20 पौंडांत मिळतो. बऱ्यापैकी मेकॅनिकल कीबोर्डला 75 पौंड पडतात, आणि दुकानदार ज्याला ‘प्रीमियम’ म्हणतात तो 200 पौंडांच्या घरात जातो. तिन्हींवरून पडद्यावर उमटणारे अक्षर एकच असते. मग वरचे पैसे नेमके कशाचे, या प्रश्नावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु त्याच्या मागे जे काम उभे आहे ते किरकोळ नाही.

आमच्या बाबांनी लिहून ठेवलेल्या चार वह्या आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 मध्ये झाला, आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत आपल्या वस्त्यांनी काय सोसले आणि कोण कोण उभे राहिले, याच्या त्या नोंदी आहेत. शाई फिकट होत चालली आहे. दोन वह्या नागपूरला दादांनी टंकित करायच्या आणि दोन आम्ही, असे ठरले आहे. नोकरीवरून आल्यावर, जेवणे आटोपल्यावर, रोज तासभर हे काम चालते.

प्रथम आम्ही हिशेब मांडला. एका वहीची पाने सुमारे 200. पानाला साधारण 1500 वेळा कळ दाबावी लागते. म्हणजे दोन वह्यांना 6 लाख वेळा. मेकॅनिकल कीबोर्डचे उत्पादक एकेका कळीला 5 कोटी दाबांचे आयुष्य सांगतात. रबरी पडद्यावर चालणाऱ्या साध्या कीबोर्डलाही एका कळीमागे 50 लाखांच्या आसपास आयुष्य सांगितले जाते. आमचे सगळे 6 लाख दाब एकाच कळीवर पडले तरी साधा कीबोर्ड पुरून उरेल. तेव्हा ‘टिकतो म्हणून महाग घ्या’ हा युक्तिवाद आमच्यापुरता निकालात निघाला.

खरा फरक निराळा आहे. साध्या कीबोर्डची कळ बहुधा तळाशी टेकेपर्यंत दाबावी लागते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो; कळीचा प्रवास साधारण 4 मिलिमीटरचा, पण अक्षर 2 मिलिमीटरवरच नोंदले जाते. काही स्विचांमध्ये त्या बिंदूवर बोटाला हलकासा अडथळा जाणवतो. अक्षर उमटले हे डोळ्यांआधी बोटाला कळते.

मराठी लिहिणाराला याचे मोल अधिक आहे. इन्स्क्रिप्ट पद्धतीत मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘द’ आणि ‘ध’ एकाच कळीवर, ‘र’ आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ही एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की अक्षर बदलते. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्ताची कळ लागते. ‘बुद्ध’ हा दोन अक्षरांचा शब्द. त्याला पाच कळा आणि एकदा शिफ्ट. त्यातला हलन्त निसटला की ‘बुदध’ उमटते, आणि ‘धम्म’चा ‘धमम’ होतो. दिवसभराच्या कामाने थकलेल्या बोटांकडून असे किती हलन्त निसटतात, हे तपासणीला बसल्यावर कळते. कळीची स्पष्ट जाणीव ही येथे चैन नव्हे, ती शुद्धलेखनाची सोबतीण आहे.

मग 75 पौंडांवरून 200 वर गेल्याने काय मिळते? अॅल्युमिनियमचे जड आवरण, आवाज मऊ करणारे आतले थर, अधिक सुबक टोप्या. स्विच पुष्कळदा त्याच प्रतीचे असतात. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या मूळ स्विचच्या पेटंटची मुदत 2014 च्या सुमारास संपली. त्यानंतर इतर उत्पादकांनी त्याच घडणीचे स्विच काढले आणि मधल्या किमतीतला माल सुधारत गेला. सोल्डरिंग न करता स्विच बदलता येण्याची सोयही आता मधल्या किमतीत मिळते. म्हणजे पहिल्या 55 पौंडांनी काम सुधारते, पुढच्या 125 पौंडांनी मुख्यतः कान आणि डोळे सुखावतात.

येथे आम्हांला सिगालोवाद सुत्ताची आठवण झाली. गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. उपभोग वर्ज्य नाही, त्याला त्याचा वाटा आहे. परंतु उपभोगाचा खर्च कामाच्या नावे लिहू नये. पहिले 55 पौंड कामाच्या वाट्यातले आहेत. पुढचे 125 उपभोगाच्या वाट्यात शिल्लक असतील तर जरूर खर्चावेत. आणि बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपूरला धम्मकार्यासाठी मागितलेला उत्पन्नाचा विसावा भाग या सर्वांच्या आधी बाजूला निघाला पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांना चांगली वस्तू घेताना आतून अपराधी वाटते. आईवडिलांनी काय काढले ते आठवते. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्यांनी लिहिण्याचे साधन निकृष्ट घ्यावे, हा साधेपणा नव्हे. बाबासाहेबांना चांगल्या पेनांची आवड होती, आणि राजगृह तर त्यांनी ग्रंथांसाठी बांधले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची हस्तलिखिते त्यांचे सचिव नानकचंद रत्तू टाइपरायटरवर उतरवीत, ग्रंथ 1957 मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्याइतकेच उतरवून घेणाऱ्याचेही हात ग्रंथाला लागतात. त्या हातांची सोय पाहणे योग्यच.

आमचा निर्णय असा झाला. 200 पौंडांचा एक घेण्याऐवजी मधल्या किमतीचे दोन घ्यायचे, एक येथे आणि एक नागपूरला दादांसाठी. दादा आजही जुन्या, अडकणाऱ्या कळांवर लिहितात. दोन्ही मिळून 150 पौंडांच्या आसपास जातील. स्विच तपकिरी निवडले. निळे टकटक आवाज करतात, आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत. कळांची संख्या फार कमी केलेले आटोपशीर कीबोर्ड टाळले, कारण ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘त्र’ अंकांच्या रांगेतच असतात. टोप्यांवर देवनागरी छापलेली नाही, तरी अडत नाही. बोटांना जागा पाठ झाल्या आहेत.

आपल्या घरीही अशा वह्या, पत्रे, भाषणांची टिपणे असतील. कीबोर्ड कोणताही घ्या, पण वाटा तपासून घ्या आणि शाई उडण्याआधी लिहायला बसा.

जय भीम.