प्रेक्षागृहातील रिकाम्या खुर्च्या

सन १९९२. पॅरिसच्या रोलां गॅरोस संकुलात स्टेफी ग्राफ आणि मोनिका सेलेस यांच्यात फ्रेंच टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना चालला होता. बेल्जियमहून आलेली दहा वर्षांची जस्टिन हेनिन आईशेजारी बसून तो पाहत होती. आपणही एक दिवस येथे खेळू आणि जिंकू, असा शब्द तिने आईला दिला. तीनच वर्षांत कर्करोगाने आईचे निधन झाले.

जस्टिनची उंची जेमतेम १६७ सेंटिमीटर. धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांसमोर तिचे भांडवल म्हणजे एका हाताचा डौलदार बॅकहँड आणि प्रशिक्षक कार्लोस रॉड्रिगेझ यांनी करून घेतलेली कठोर मेहनत. सन २००३ मध्ये आपल्याच देशाच्या किम क्लाइस्टर्सला ६-०, ६-४ असे नमवून तिने तोच चषक उंचावला. शब्द पाळला गेला. पण तो ऐकणारी आई आता नव्हती. वडील आणि भावंडे हयात होती, परंतु त्यांच्याशी असलेला संबंध मतभेदांमुळे तुटला होता.

त्याच वर्षी जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान आले, पुढील वर्षी अथेन्स ऑलिंपिकचे सुवर्णपदकही आले. दुरावा मात्र तसाच राहिला. सन २००७ मध्ये भावाला मोटार अपघातात गंभीर दुखापत झाली आणि जस्टिन त्याच्याकडे धावली. अनेक वर्षांचा अबोला त्या प्रसंगाने संपवला. त्याच वर्षी जूनमध्ये तिने फ्रेंच स्पर्धा चौथ्यांदा जिंकली, तेव्हा प्रेक्षागृहात तिची भावंडे बसली होती.

मे २००८ मध्ये, पहिल्या क्रमांकावर असतानाच, पंचविसाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली. सन २०१० मध्ये ती परतली आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. परंतु कोपराच्या दुखापतीने २०११ च्या जानेवारीत तिला कायमचे थांबावे लागले. विम्बल्डनने तिला अखेरपर्यंत हुलकावणी दिली. तरीही एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे तिच्या खात्यावर जमा आहेत.

पेढीच्या वाटणीत दुरावलेली भावंडे आपल्या परिचयातही असतात. व्यवहारातील येणे-देणे आपण दरवर्षी दिवाळीला तपासतो. नात्यातील थकबाकी मात्र वर्षानुवर्षे पुढे ओढत राहतो. जस्टिनला ती फेडण्याची जाणीव एका अपघाताने करून दिली. आपण त्यासाठी अपघाताची वाट पाहू नये.