उशीर

२०१९ साली मुलीच्या हट्टापायी 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' पाहायला गेलो. मारामारीच्या चित्रपटांत मला रस नाही. पण त्यातल्या कॅप्टन अमेरिकाची कहाणी तिनं वाटेतच सांगितली आणि मी कान टवकारले. दुसऱ्या महायुद्धातला हा सैनिक बर्फात गाडला जातो आणि जवळपास ७० वर्षांनी आजच्या न्यूयॉर्कमध्ये जागा होतो. तो तसाच तरुण. जिच्याबरोबर नाचायचा वायदा केला होता, ती पेगी मात्र म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. २०१४च्या चित्रपटात बोलता बोलता तिची याद पुसली जाते. तो आत्ताच परतलाय, असं समजून ती रडू लागते. तो तिची चूक काढत नाही. नाच बाकी होता म्हणून आलो, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो.

मला दादी आठवली.

आजोबा फौजेत होते. १९४४मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर ते बेपत्ता झाल्याची तार आली. इंतकाल झाला, असं कुणीच कळवलं नाही. म्हणून दादी इद्दतीत बसली नाही. दुसऱ्या निकाहालाही राजी झाली नाही. रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर कबर नसलेल्या सुमारे २७ हजार सैनिकांची नावं कोरलेली आहेत, हे मी फार उशिरा वाचलं. दादीजवळ ती तार होती आणि गळ्यात काळी पोत.

१९९८मध्ये मी एस.टी.त नवाच कंडक्टर लागलो होतो. दादीला तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती. एका संध्याकाळी ड्युटीवरून तसाच खाकी कपड्यांत घरी आलो. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. लाजून म्हणाली, "आ गये जी? कित्ती देर लगाई!"

मी हसलो. म्हणालो, "दादी, मैं हूँ. तुमारा पोता."

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. नातू एवढा मोठा झालाय, याचा हिशेब तिनं मनाशी केला असावा. सकाळी अम्मीला उशीखाली काळी पोत सापडली. ५४ वर्षं जे झालं नव्हतं, ते माझ्या एका वाक्यानं झालं.

'एंडगेम'च्या अखेरीस तो सैनिक काळात मागं जातो, पेगीजवळच राहतो. दोघं संथपणे नाचत असतात.

"अब्बा, तुम्ही रडताय?" मुलीनं विचारलं.

मला तशी सोय मिळाली, तर फार लांब जायचं नाही. त्या संध्याकाळच्या दारापर्यंतच. तिथं उभं राहून एवढंच म्हणेन, "हां, आ गया."