उपसूचना

फेब्रुवारी सरता सरता जे. पी. नगरच्या सहाव्या फेजमध्ये करंज जवळजवळ उघडे पडतात आणि आठवडाभरात पुन्हा पोपटी होतात. इथे करंजाला होंगे म्हणतात. आई बाल्कनीतून ते बघते आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणते, "मार्चएंड आला गं."

तिच्या लेखी वसंत म्हणजे मार्चएंड. ती कराडला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि वडील नगरपालिकेतच जकात कारकून. घरात येणारे दोन्ही पगार एकाच तिजोरीतून यायचे, त्यामुळे पालिकेचं अंदाजपत्रक हा आमच्या जेवणाच्या ताटावरचा विषय होता. वडील नाक्यावरून आले की चप्पल काढायच्या आधी दिवसाचा भरणा सांगायचे. पुणे-बंगलोर रस्त्यावरून आलेला गूळ, कापड, सिमेंट, पत्रे. गावात माल उतरला की जकात, आणि जकात आली की दिवाबत्ती, गटारं, आईचा पगार. १९९९ साली राज्यातल्या सगळ्या नगरपालिकांची जकात बंद झाली. वडिलांना घरपट्टीच्या वसुलीवर टाकलं. "आता आपण कमवायचं नाही, अनुदानाची वाट बघायची," एवढंच ते म्हणाले. कर्नाटकाने हे वीस वर्षं आधी, १९७९ मध्येच केलं होतं, हे मला इथे आल्यावर कळलं. सांगायला ते राहिले नव्हते.

आई बंगलोरला आली ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सारक्की तलाव आमच्यापासून फार लांब नाही, पण आईची चाल दोनशे पावलांची. दोनशे पावलं झाली की तिला बसावं लागतं. तलावाच्या आत बाकं आहेत. तिथवर पोचायच्या वाटेवर बसायला काही नाही. ती कुणाच्या दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि लगेच उठायची, कारण लोकांच्या पायरीवर गिऱ्हाईक नसताना बसणं तिला बरं वाटत नसे. महिन्याभरात ती 'आज नको' म्हणायला लागली. मग 'उद्याही नको'.

त्या हिवाळ्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना गोळा होत होत्या. जनाग्रह ही संस्था 'माय सिटी माय बजेट' नावाने हे काम बरीच वर्षं करते आहे. मी अर्ज घेऊन आले. विषय विचारले होते: पदपथ, उद्यान, स्वच्छतागृह वगैरे. मी 'बाक' लिहायला लागले तर आईने हात धरला.

"बाक नको. बाक मोडतात, चोरीला जातात. कट्टा लिही."

कन्नडमध्येही तो शब्द आहेच, कट्टे. इथल्या जुन्या वस्त्यांत पिंपळाभोवती बांधलेला अश्वत्थकट्टे असतो, आपल्याकडच्या पारासारखा. त्यावर नागाचे दगड असतात आणि दुपारी भाजीवाल्या बायका विसावतात. अंदाज, अंदाजु, महानगरपालिका, महानगर पालिके. हिशेबाच्या आणि बसण्याच्या बाबतीत या दोन भाषा एकमेकींच्या घरात जाऊन-येऊन असतात. अर्जात मात्र कट्ट्यासाठी रकाना नव्हता. मी 'पदपथ' वर खूण केली आणि बाजूला कन्नडमध्ये शब्द लिहिला.

३१ मार्च २०२२ च्या रात्री, आम्ही झोपलो असताना, बंगलोरचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर आलं. १०,४८० कोटींच्या घरात. सकाळी पेपरात वाचल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो कट्ट्याचा नव्हता.

"सभा कधी झाली?"

सभा नव्हती. इथल्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली होती आणि तेव्हापासून प्रशासक होता. आधीची निवडणूक २०१५ ची. आईला हे पटवून घ्यायला वेळ लागला. तिने पी. डी. पाटलांच्या काळातलं कराड पाहिलेलं. चार दशकांहून जास्त काळ एकच माणूस नगराध्यक्ष असणं हे लोकशाहीचं लक्षण की उलट, यावर आमच्या घरात वाद व्हायचे. पण सभा व्हायची, भांडणं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी गावाला ती तोंडपाठ असायची.

"मग उपसूचना कोण मांडतं?" तिने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. तिला खिजवायला म्हणून मी म्हटलं, पुण्यात आणि मुंबईतही मार्चमध्येच प्रशासक आलाय, तिथेही कुणी मांडत नाही. तिने पेपर घडी करून ठेवला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज भरला, त्याच्या पुढच्याही. २०२५ चं अंदाजपत्रक २९ मार्चला, उगादीच्या म्हणजे आपल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. सारक्की बाजारात आंब्याचे डहाळे आणि कडुनिंबाचा फुलोरा घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा आकडा कळला: १९,९०० कोटींहून अधिक. आदल्या वर्षी तो १२,३६९ कोटी होता. बोगद्यांतून जाणारे रस्ते, उंचावरून जाणारे रस्ते. आईने पेन्सिल घेऊन शून्यं मोजली आणि म्हणाली, "यातून खालून आणि वरून जायचं झालं. मधून कोण चालणार?" मग स्वतःच हसली. तिला मोठ्या कामांचा राग नाही. तिला फक्त दोनशे पावलांचा हिशेब लागत नव्हता.

एप्रिलमध्ये घरपट्टी भरली. महिन्याच्या आत पूर्ण भरली की ५ टक्के सूट मिळते आणि आई ती सोडू देत नाही. वसुली कारकुनाची बायको आहे. पावतीवरचे उपकर तिला मी वाचून दाखवते. आरोग्य, ग्रंथालय, आणि भिक्षुक उपकर. भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी आपण कर भरतो याचं तिला अजून अप्रूप आहे.

त्याच महिन्यात आमच्या इमारतीची वार्षिक सभा होती. जनरेटर, पाण्याचे टँकर, रंगकाम. आई कधी येत नाही. त्या दिवशी आली. खजिनदारांनी आकडे वाचून संपवले आणि आईने हात वर केला. हिंदीत सुरुवात केली आणि मध्येच मराठीत गेली: "माझी एक उपसूचना आहे."

फाटकाबाहेर, आमच्याच हद्दीत, कुंपणाची भिंत जिथे आत वळते तिथे दोन-तीन हात जागा रिकामी होती. तिथे एक ग्रॅनाइटची फरशी टाकावी. रंगकामातून सात हजार कमी करावेत.

वाद झाला. खर्चाबद्दल कुणी बोललंच नाही. एक गृहस्थ म्हणाले, "मांजी, तिथे कोणीही येऊन बसेल." दुसरे म्हणाले, डिलिव्हरीवाले बसतील, सिगरेटी ओढतील. मला खरं तर तेव्हा गप्प बसायचं होतं. या लोकांबरोबर रोज लिफ्टमधून जावं लागतं. आई म्हणाली, "बसू देत. दमलेलाच बसतो ना?" मी त्याचं कन्नड केलं आणि माझ्या भाषांतरात तिचा आवाज जरा मऊ केला, हे कबूल करते. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने तेच पुन्हा, आपल्या मोडक्या हिंदीत, न हसता सांगितलं. अकरा विरुद्ध सात.

कट्टा झाला. सकाळी सहाला आई बसते. अकराला घरकाम करणाऱ्या बायका डबे उघडतात. दुपारी डिलिव्हरीची पोरं हेल्मेट उशाला घेऊन आडवी होतात, आणि हो, एक जण सिगरेट ओढतो. संध्याकाळी आई खाली उतरते तेव्हा कधी कधी जागा नसते. मग ती काठी टेकून उभी राहते आणि बहुतेक वेळा कुणी तरी सरकतं.

पण हे पहिल्या दोनशे पावलांचं झालं. तलावापर्यंत अजून दोन कट्टे हवेत आणि ती जागा आमची नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये या शहराच्या एका पालिकेच्या पाच झाल्या. मी नवा कोरा कागद घेऊन बसले तेव्हा आईने दोन्ही ठिकाणं मला पत्त्यासकट सांगितली: एक होंगेच्या झाडाखाली, दुसरं दुधाच्या बूथच्या अलीकडे. "आणि खाली लिही," ती म्हणाली, "कट्टे. दोन नग."