अब्बांचं गिरमिट

कोल्हापूर म्हटलं की चप्पल आणि गूळ आठवतो. लाकडी पाईप घडवणाऱ्याला कोण विचारतो? आमचे अब्बा लाटणी, पाळण्याचे खांब कातता कातता एखाद्या हौशी वकीलसाहेबांना पाईपही करून देत. युरोपात त्यासाठी ब्रायर झुडपाच्या मुळाची गाठ वापरतात. ती सहजी जळत नाही. आमच्याकडे ती कुठली? चांगलं सुकलेलं शिसव हाताशी असे.

अब्बा म्हणत, "आधी भोकं, मग रूप." आधी तंबाखूची वाटी कोरायची. मग बारीक गिरमिटानं दांडीतून धुराची वाट काढायची. ती नेमकी वाटीच्या तळाशी उघडली पाहिजे. वर उघडली तर तळाचा तंबाखू ओला राहून पाईप गुडगुडतो. त्यानंतर पटाशी, कानस, पॉलिश पेपर. भिंत पातळ केली तर हाताला चटका बसतो. वाटीच्या आत रोगण लावायचं नाही. ते जळून धुरात मिसळतं.

तंबाखू निपाणीचा. अब्बा स्वतःही ओढत. घशाच्या कॅन्सरनं ते गेले, तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं, पाईप करायचा नाही. पण गिरमिट टाकवलं नाही. गुन्हा हुनराचा नव्हता. आता त्यानं आम्ही तसबीहचे मणी भोकतो.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक दुप्पट पैसे घेऊन आलं. घरात मुलांच्या फीची नड होती. अम्मी काहीच बोलल्या नाहीत. आम्ही हात जोडले आणि त्यांना चहा पाजून पाठवलं.